डेटाबेस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवू नये, असे म्हणतात ते खरे आहे का?

आपण विचारले आहे की, शाळेच्या फी आणि हजेरीच्या सॉफ्टवेअरसाठी ६४ जीबी मेमरीचा एकच सर्व्हर घेतला आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) टाकून पोस्टग्रेस हा डेटाबेस एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) ठेवायचा विचार आहे, परंतु आपले वरिष्ठ सहकारी ‘डेटाबेस व्हीएममध्ये कधीही टाकायचा नसतो’ असे ठामपणे सांगतात. तर वेग किती कमी होतो, मेमरी आणि कोअर किती द्यावेत आणि वरिष्ठांचे म्हणणे कितपत खरे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वरिष्ठांचे म्हणणे चूक आहे. नेमके हेच वाक्य मी एका दूध संघाच्या संचालक मंडळाच्या इतिवृत्तात रीतसर ठराव म्हणून नोंदवलेले वाचले आहे, त्यामुळे ते कोठून येते आणि कोणाच्या सोयीसाठी पुढे केले जाते, याविषयी मला बरेच काही सांगायचे आहे.

एके काळी या मताला आधार होता, हे मान्य केले पाहिजे. इंटेलने व्हर्च्युअलायझेशनसाठीची हार्डवेअर सोय २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये बाजारात आणली. त्याआधी एक्स८६ प्रोसेसरवर हे सर्व सॉफ्टवेअरच्या कसरतीने करावे लागे. केव्हीएम, म्हणजे प्रॉक्समॉक्स ज्याच्या आधारे व्हर्च्युअल मशीन चालवते ती सोय, लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) आली ती २००७ मध्ये. मेमरीच्या पत्त्यांचे गेस्टपासून (व्हीएमच्या आतील प्रणालीपासून) प्रत्यक्ष रॅमपर्यंतचे दुहेरी रूपांतर हार्डवेअरने स्वतः करायला इंटेलच्या प्रोसेसरांत २००८ च्या नेहालेम पिढीपासून सुरुवात झाली. तोवर हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलची (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्याची) सावलीप्रत सांभाळत बसे, आणि पोस्टग्रेससारख्या, प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देणाऱ्या डेटाबेसला त्याचा चांगलाच भुर्दंड पडे. ज्यांनी त्या काळात हात पोळून घेतले त्यांचे मत तेथेच थांबले असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण ॲमेझॉनने ऑक्टोबर २००९ मध्ये आरडीएस ही भाड्याने डेटाबेस देणारी सेवा सुरू केली तेव्हापासून जगभरातील असंख्य कंपन्यांचे डेटाबेस व्हर्च्युअल मशीनवरच चालत आले आहेत, आणि तुमच्या शाळेच्या फीपेक्षा कितीतरी मोठे व्यवहार त्यांतून रोज पार पडतात. माझ्या अनुभवात, मांडणी नीट असेल तर प्रोसेसरच्या कामात पडणारा फरक एक आकडी टक्क्यांपलीकडे क्वचितच जातो. जून महिन्यात प्रवेशाची गर्दी असतानाही तो तुम्हाला जाणवणार नाही.

म्हणजे वेगाची चिंता करू नका. चिंता करायची ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती अशी की डेटाबेसने ‘हे डिस्कवर लिहून झाले का?’ असे विचारल्यावर मधला कोणता तरी थर खोटे ‘हो’ म्हणतो की काय.

ज्या दूध संघाचा वर उल्लेख केला, तो पश्चिम महाराष्ट्रातील तालुका पातळीवरचा संघ आहे. संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) यांच्या नोंदी येत, त्यावरून दर लागे आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचे बिल निघे. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस माझ्याकडे, तर सर्व्हर आणि त्यावरील प्रॉक्समॉक्स दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे, अशी वाटणी होती. होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या मूळ सर्व्हरवर, काय चालले आहे ते पाहण्याची परवानगी मी सुरुवातीलाच मागितली होती आणि ‘तुम्हाला तुमचे व्हीएम दिले आहे, बाकीच्याशी तुम्हाला काय करायचे आहे?’ असे उत्तर मला मिळाले होते. एका पावसाळ्यात, सकाळचे संकलन ऐन भरात असताना वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच थकलेल्या होत्या आणि जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व्हर बसला. वीज आल्यावर व्हीएम उठले, पण पोस्टग्रेस उठेना. लॉगच्या तळाशी एकच ओळ होती: ‘पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड’, म्हणजे ग्राह्य चेकपॉइंटची नोंद सापडली नाही.

ज्यांनी पोस्टग्रेस जवळून पाहिले आहे त्यांना ही ओळ वाचताच संशय यायला हवा. पोस्टग्रेस चेकपॉइंटची, म्हणजे ‘येथपर्यंतचे सर्व डेटा फाइलींत उतरले’ या खुणेची, नोंद आधी वॉलमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या लॉगमध्ये, लिहितो, ती डिस्कवर उतरल्याची खात्री एफसिंक या आज्ञेने करून घेतो आणि त्यानंतरच कंट्रोल फाइलमध्ये ‘शेवटचा चेकपॉइंट अमुक ठिकाणी आहे’ असे टिपतो. कंट्रोल फाइलमध्ये पत्ता आहे पण त्या पत्त्यावर नोंदच नाही, याचा अर्थ नंतरचे लेखन आधी उतरले आणि आधीचे वाटेतच राहिले. वीज जाणे ही डेटाबेसच्या दृष्टीने अपेक्षित घटना आहे. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केलेला असतो. शेवटचे काही अपुरे व्यवहार रद्द होतील, पण क्रम उलटा होणार नाही, हा त्याचा शब्द असतो आणि तो शब्द खालच्या थराच्या प्रामाणिकपणावर उभा असतो.

मी संघाच्या कार्यालयात पोहोचण्याआधीच कंत्राटदाराच्या माणसाने इंटरनेटवर शोधून पीजी रिसेटवॉल ही कमांड चालवली होती. डेटाबेस उठला, सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लोकांनी त्याच्यावर पुढच्या नोंदी करायलाही सुरुवात केली. ही कमांड अगदी शेवटचा उपाय आहे, ती चालवल्यावर डेटाबेस वापरू नये, जे हाती लागेल ते डम्प करून (बाहेर काढून) नव्या क्लस्टरमध्ये (डेटाबेसच्या कोऱ्या मांडणीत) भरावे, असे पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. दुपारपर्यंत एकाच संस्थेच्या एकाच पाळीच्या दोन-दोन नोंदी दिसू लागल्या, त्याही ज्या रकान्यांवर युनिक इंडेक्स (दुहेरी नोंद रोखणारी सूची) होता तेथे. इंडेक्स एक सांगत होता आणि टेबल दुसरेच. मी तो डेटाबेस बंद केला, आदल्या रात्रीचा डम्प नव्याने भरला आणि सकाळचे संपूर्ण संकलन दूध गाड्यांबरोबर आलेल्या कागदी पत्रकांवरून पुन्हा भरून घ्यावे लागले. संगणक विभागातील मंडळी त्या दिवशी रात्री उशिरा घरी गेली, आणि त्यांचा राग साहजिकच माझ्यावर होता, कारण होस्ट कोणाच्या ताब्यात आहे हे त्यांना कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. कंत्राटदाराने तेथे दोन विधाने केली: एक, पोस्टग्रेस फुकट मिळते म्हणून त्याचा भरवसा नाही, आणि दोन, डेटाबेस व्हीएममध्ये ठेवायचाच नसतो हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. ज्या गृहस्थांनी स्वतःच तो व्हीएममध्ये ठेवला होता, त्यांच्या तोंडून दुसरे विधान ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि पीजी टेस्ट एफसिंक चालवले. हे साधन पोस्टग्रेसबरोबरच येते. एकाच जागी आठ केबीचा तुकडा पुन्हा पुन्हा लिहून, प्रत्येक वेळी ‘डिस्कवर उतरला’ अशी पोच घेऊन, सेकंदाला अशी किती लेखने होतात ते दाखवते. व्हीएममध्ये आकडा दहा हजारांच्या वर आला. त्या सर्व्हरमध्ये ७,२०० फेऱ्यांच्या साध्या साटा डिस्क होत्या आणि बॅटरी असलेला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारे आणि वीज गेली तरी लिहायचा राहिलेला डेटा बॅटरीवर जपणारे कार्ड) नव्हता. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. त्याच जागी पुन्हा लिहायचे तर थाळीची एक फेरी पूर्ण व्हावी लागते, म्हणजे प्रामाणिक डिस्क सेकंदाला १२० च्या वर अशी पोच देऊच शकत नाही. दहा हजार हा आकडा डिस्कचा नव्हता, तो होस्टच्या रॅमचा होता.

कार्यकारी संचालकांनी त्याच बैठकीत होस्टचा पासवर्ड द्यायला लावला. डेटाबेसच्या व्हीएमच्या हार्डवेअरच्या पानावर डिस्कसमोर कॅशचा पर्याय होता ‘राइट बॅक’ आणि त्याच्यापुढे कंसात, लिहिणाऱ्याने जणू हात जोडून विनवावे तसे, ‘अनसेफ’. या पर्यायात गेस्टने पाठवलेली फ्लशची, म्हणजे डेटा लगेच डिस्कवर उतरवण्याची, विनंती होस्ट सरळ दुर्लक्षित करतो. आवक-जावक विभागातील लिपिकाने अर्जावर पोचेचा शिक्का मारून द्यावा आणि अर्ज मात्र खणात टाकून ठेवावा, तसा हा कारभार आहे. खणातले कागद लिनक्स आपल्या सवडीने आणि आपल्या क्रमाने डिस्कवर नेतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये एखादे पान तीस सेकंद तसेच पडून राहू शकते. बिलाच्या दिवशी सॉफ्टवेअर हळू चालते अशी तक्रार काही महिन्यांपूर्वी गेली होती, तेव्हा हा पर्याय लावला गेला होता आणि ‘आम्ही सर्व्हर ट्यून केला’ म्हणून त्याचे कौतुकही झाले होते.

मी तो पर्याय बदलून ‘नो कॅश’ केला, व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केले आणि तीच चाचणी घेतली. आकडा शंभराच्याही खाली आला. मग होस्टवर तीच चाचणी थेट चालवली. तेथेही जवळपास तेवढाच आला. माझ्या दृष्टीने वाद येथे संपायला हवा होता: व्हीएममध्ये आणि व्हीएमबाहेर डिस्क सारखीच धावत होती, फरक फक्त खऱ्या-खोट्या पोचेचा होता. परंतु समोर बसलेल्या एका संचालकांनी विचारले, ‘म्हणजे आधी मशीन पळत होतं, ते तुम्ही आता चालायला लावलं, असंच ना?’ मी पुष्कळ समजावले. ठराव झाला तो असा की, यापुढे संघाचा डेटाबेस व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवण्यात येऊ नये आणि त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर खरेदी करण्यात यावा. दरपत्रक त्याच कंत्राटदाराचे मंजूर झाले. नवा सर्व्हर आला तेव्हा मी सर्वप्रथम रेड कार्डाचे सेटिंग पाहिले. कार्डाला बॅटरी नव्हती आणि राइट बॅक (डिस्कवर उतरण्याआधीच पोच देणे) सक्तीने चालू ठेवलेले होते. व्हर्च्युअल मशीन कोठेच नव्हते, आणि लबाडी तीच, फक्त एक मजला खाली सरकलेली. मी लेखी पत्र दिले, बॅटरीचे मॉड्यूल येईपर्यंत राइट थ्रू (डिस्कवर उतरल्यावरच पोच देणे) लावून घेतले आणि त्या पत्राची पोच आजही जपून ठेवली आहे.

म्हणून आपल्या वरिष्ठांना माझा एकच प्रतिप्रश्न आहे: त्यांचा आक्षेप व्हीएमला आहे, की व्हीएमखाली काय आहे हे कोणी न पाहण्याला? पहिला असेल तर तो पंधरा-वीस वर्षे शिळा आहे. दुसरा असेल तर तो योग्य आहे, पण मग तो स्वतंत्र सर्व्हरलाही तितकाच लागू होतो.

आपल्यापुरते सांगायचे तर, प्रॉक्समॉक्समध्ये कॅशचा मूळ पर्याय ‘नो कॅश’ हाच असतो. त्याला हात लावू नका. एसएसडी घेताना वीज गेल्यावर आतील डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेली, सर्व्हरसाठी बनवलेली एसएसडी घ्या. बाजारात मिळणारी साधी एसएसडी जाहिरातीत कितीही वेगवान दिसली तरी प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) एफसिंक आला की तिला दम लागतो, आणि मग कोणीतरी ‘अनसेफ’चा शोध लावतो. डेटा भरण्यापूर्वी पीजी टेस्ट एफसिंक होस्टवर आणि गेस्टमध्ये दोन्हीकडे चालवा. गेस्टचा आकडा थोडा कमी आला तर ते स्वाभाविक आहे. तो होस्टपेक्षा कित्येक पट जास्त आला तर आनंद मानू नका, कारण शोधा. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रयोग करणार असाल तर तेथील आकड्यांवर भिस्त ठेवू नका, कारण व्हर्च्युअलबॉक्स वेगासाठी गेस्टच्या फ्लशच्या विनंत्या एरवी दुर्लक्षितच करतो. त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हे आणि ते बंद कसे करायचे हेही दिलेले आहे. त्याहून पक्की परीक्षा हवी असेल तर दुसऱ्या संगणकावरून एक लहानसा प्रोग्राम लावा, जो सतत एकेक ओळ डेटाबेसमध्ये घालतो आणि कमिट झाल्याची पोच मिळताच तो क्रमांक आपल्याकडे टिपतो. मग सर्व्हरची वीज सरळ ओढून काढा. सर्व्हर उठल्यावर टिपलेला शेवटचा क्रमांक डेटाबेसमध्ये सापडलाच पाहिजे. हा प्रयोग शाळेचा डेटा आत जाण्यापूर्वी करायचा असतो, नंतर नाही.

मेमरीबाबत: ६४ जीबीपैकी १६ जीबी डेटाबेसच्या व्हीएमला दिली तर शाळेच्या कामाला पुष्कळ झाली, परंतु ती पक्की द्या. प्रॉक्समॉक्समधील बलूनिंग बंद करा, नाहीतर होस्टची मेमरी ८० टक्क्यांवर गेली की तो या व्हीएमची मेमरी हळूच काढून घेऊ लागतो आणि आपण मात्र क्वेरीत दोष शोधत बसतो. होस्टवर झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरणार असाल तर त्याची स्वतःची कॅशही याच ६४ जीबीत बसते; जुन्या मांडणीत ती निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शके, प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या स्थापनेत ती दहा टक्क्यांवर रोखलेली असते. पोस्टग्रेसमध्ये शेअर्ड बफर्स (डेटाबेसची स्वतःची कॅश) मूळच्या १२८ एमबीवर ठेवू नका, व्हीएमच्या मेमरीच्या पाव हिश्शापासून, म्हणजे ४ जीबीपासून, सुरुवात करा. कोअर किती, याचे उत्तर आपले एकाच वेळचे वापरकर्ते किती आहेत यावर अवलंबून आहे, आणि ते आपण लिहिलेले नाही. चार देऊन पाहा, आणि गेस्टमध्ये टॉप ही कमांड उघडून ‘एसटी’ या रकान्याकडे लक्ष ठेवा. तेथे शून्याखेरीज काही सातत्याने दिसू लागले तर आपल्या वाट्याचा प्रोसेसर शेजारचे व्हीएम खात आहे, असे समजावे; अशा वेळी आणखी कोअर वाढवणे हा उपाय नव्हे, शेजाऱ्यांचे कमी करणे हा आहे.

स्नॅपशॉटला (व्हीएमच्या एका क्षणाच्या प्रतीला) बॅकअप म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका, दुसऱ्या इमारतीत वॉलचा संग्रह आणि रोजचा बॅकअप स्वतः सुरू करा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. सर्व्हर चोरीला गेला तर तोही त्याच्याबरोबर जाईल.

दोन अपवाद सांगायचे राहिले. ओरॅकलचा डेटाबेस असता तर मी इतक्या निःशंकपणे लिहिले नसते, कारण व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवरील विभागणीला ओरॅकलचे परवाना धोरण मान्यता देत नाही. व्हीएमला चारच कोअर दिले असले तरी खालच्या सर्व्हरच्या सर्व कोअरचा परवाना घ्या, अशी त्यांची भूमिका असते, आणि तो खर्च लहान संस्थेला झेपणारा नसतो. दुसरे म्हणजे, डेटाबेस एवढा मोठा असेल की अख्खे मशीन त्यालाच लागते, तर मेमरीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतर जाणवू लागते: एका पत्त्यासाठी जेथे एरवी चार वेळा मेमरी वाचावी लागते तेथे व्हीएममध्ये वाईटात वाईट स्थितीत ही संख्या चोवीसपर्यंत जाते, आणि ह्यूज पेजेस (मेमरीची मोठ्या आकाराची पाने) लावल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. आपल्याला यांपैकी काहीही लागू नाही. उलट उद्या सर्व्हर जुना झाला तर संपूर्ण व्हीएम उचलून नव्यावर नेता येते, आणि पोस्टग्रेसची नवी आवृत्ती आधी व्हीएमच्या प्रतीवर चालवून पाहता येते. हे सुख थेट मशीनवर टाकलेल्या डेटाबेसला नाही.

सर्व्हर सांभाळण्याचे काम आपल्या शाळेनेही बाहेरच्या कोणाला दिले असेल, आणि बहुधा दिले असेलच, तर कामाच्या आदेशात एक ओळ आत्ताच घालून घ्या: डेटाबेस सांभाळणाऱ्या व्यक्तीला होस्टवरील सर्व सेटिंग पाहण्याचा अधिकार राहील आणि डिस्क, कॅश किंवा मेमरी यांत बदल करण्यापूर्वी तिला लेखी कळवले जाईल. ‘पासवर्ड दिला तर सगळे बिघडवाल’ ही सबब येथे चालत नाही, कारण प्रॉक्समॉक्समध्ये ‘पीव्हीई ऑडिटर’ नावाची भूमिका तयारच असते. ती दिलेल्या माणसाला सर्व काही दिसते आणि काहीही बदलता येत नाही. खाते उघडून ती भूमिका देणे दोन मिनिटांचे काम आहे. जो कंत्राटदार एवढेही द्यायला तयार होत नाही, त्याच्या होस्टवर मी आता डेटाबेस ठेवत नाही, व्हीएममध्ये नाही आणि व्हीएमबाहेरही नाही.